वैद्याच्या घराची वंशरेषा
मृत्युपत्रें, खतें आणि शिरगणती ह्यांच्या आधारें

मालवणपासून कांहीं कोसांवर, गड नदीच्या कांठीं, मसुरें हें मोठें गांव वसलेलें आहे. नदीच्या एका तीरावर भरतगड आणि पैलतीरावर भगवंतगड असे दोन लहान किल्ले समोरासमोर उभे आहेत. ह्या गांवाच्या नांवावरून एकोणिसाव्या शतकांतील कांहीं पंडितांनीं असा तर्क बांधला होता कीं, ग्रीक व रोमन लेखकांनीं वर्णिलेलें मुझिरिस नांवाचें भरभराटीचें बंदर तें हेंच असावें. मसुरें आणि मुझिरिस ह्या दोन शब्दांत ध्वनीचें साम्य होतें, आणि मुख्यतः तेवढ्या पायावर तर्काची इमारत उभी राहिली. पुढें अधिक पुरावा हातीं आला तेव्हां तें बंदर केरळच्या किनाऱ्यावर, कोडुंगल्लूरच्या परिसरांत, होतें असें बहुतेक विद्वानांनीं मान्य केलें, आणि मसुऱ्याचा तो मान गेला.

ह्या गोष्टींत घराण्याचा इतिहास शोधणारांस एक धडा आहे. नांवाचें साम्य हा पुरावा नव्हे. ती फक्त पुराव्याकडे जाण्याची वाट आहे. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष अमुक किल्ल्याचा हवालदार होता, तमुक संस्थानिकाचा राजवैद्य होता, अशा कथा कोंकणांतील पुष्कळ घरांत सांगितल्या जातात. त्या खोट्याच असतात असें नाहीं. परंतु गणपतीच्या दिवसांत माजघरांत सांगितलेली गोष्ट आणि दप्तरांतला कागद ह्यांची गांठ पडेपर्यंत तिला इतिहास म्हणतां येत नाहीं. ही गांठ घालण्याचें काम कसें करतात, आणि त्यांतून निष्पन्न काय होतें, हें एकोणिसाव्या शतकांतील डॉक्टरांच्या घराण्यांवरून फार चांगलें समजतें.

डॉक्टरांचींच घराणीं कां घ्यावीं? त्यांस कारण आहे. मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. तत्पूर्वींचा वैद्य आपली विद्या मुलास किंवा शिष्यास देई आणि त्याची नोंद बहुधा लोकांच्या आठवणीखेरीज कोठेंही राहत नसे. नव्या डॉक्टराचें तसें नव्हतें. त्याचें नांव कॉलेजच्या यादींत आलें, सरकारी नेमणुकींच्या पत्रकांत आलें, सभांच्या वृत्तांतांत आलें. त्याच्या हातांत रोख पैसा आला, त्यानें घरें घेतलीं, आणि घरें आलीं म्हणजे खतें आलीं. मुंबईंतील शिकलेल्या वर्गांत ज्यांच्यामागें सर्वांत अधिक कागद राहिले, त्यांत डॉक्टरांचीं घराणीं मोडतात.

परंतु पहिली अडचण नांवापासूनच सुरू होते. त्या काळच्या कागदांत आडनांव बहुधा नसतें. मनुष्याचें नांव आणि बापाचें नांव एवढ्यावर काम भागे. मालवणच्या दक्षिणेस, तेरेखोलच्या पलीकडे, पेडणें महालांत मांद्रें म्हणून गांव आहे. तेथें १८२२ सालीं जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकीं एक होत. पण त्यांस रामकृष्ण लाड ह्या नांवानें शोधूं जाणाऱ्याच्या हातीं फारसें कांहीं लागणार नाहीं. घरांत त्यांस भाऊ म्हणत, त्यांच्या वडिलांस दाजी म्हणत, आणि हींच घरगुती नांवें पुढें सरकारदरबारीं रूढ झालीं. डॉक्टर भाऊ दाजी म्हणून जें नांव आज सर्वतोमुखीं आहे त्यांत ना पाळण्यांतलें नांव आहे, ना बापाचें खरें नांव, ना आडनांव. त्यांचे बंधु नारायण दाजी हेहि डॉक्टर होते. भाऊ दाजी १८७४ सालीं वारले. त्यानंतर एक शतकानें, १९७५ सालीं, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियमला त्यांचें नांव देण्यांत आलें तेव्हां कोठें लाड हें आडनांव पाटीवर चढलें. प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे तर्खडकर घराण्यांतले, पण त्यांनाहि तत्कालीन कागदांत वडिलांच्या नांवाखालींच शोधावें लागतें. थोरल्या नातवास आजोबांचें नांव ठेवण्याच्या चालीनें ह्यांत आणखी भर घातली आहे. विठ्ठल रामकृष्ण आणि रामकृष्ण विठ्ठल अशीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात, आणि सावध न राहिल्यास नातू हा आजोबा होऊन बसतो.

आतां कागदांकडे वळूं. मालवण १८१२ सालीं कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेलें, आणि पुढें मसुऱ्याचा समावेश रत्नागिरी जिल्ह्याच्या मालवण तालुक्यांत झाला. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ सालचा. तेव्हां त्यापूर्वींच्या दप्तराचा शोध करणाराला रत्नागिरीचें नांव विसरून चालत नाहीं. जुने मराठी कागद बहुतेक मोडींत आहेत, आणि मोडी वाचतां येत नसेल तर घरांतल्याच पेटींतला कागद परक्या देशाचा वाटतो. खरेदीखत, गहाणखत, वांटणीपत्र, बक्षीसपत्र, दत्तकपत्र हे त्यांतले मुख्य प्रकार. १८६५ सालच्या आरंभापासून नोंदणीचा कायदा अमलांत आला, आणि शंभर रुपये व त्याहून अधिक किंमतीच्या स्थावर मिळकतीच्या बहुतेक व्यवहारांची सरकारांत नोंद करणें सक्तीचें झालें. घरांतला मूळ कागद वाळवीनें खाल्ला असला तरी नोंदणी कचेरीच्या पुस्तकांत त्याची नक्कल असण्याचा संभव राहिला, तो ह्या कायद्यामुळें. ह्या कचेरींत माणसांच्या नांवांची एक सूची असते, मिळकतींची दुसरी असते. नांव लागत नसेल तर जमिनीवरून शोधावें, जमीन लागत नसेल तर नांवावरून, ही तेथील युक्ति.

खतांचा खरा उपयोग विकत घेणारा कोण आणि किंमत किती एवढाच नाहीं. जुन्या खतांत आरंभीं मिळकत आपणांकडे कशी आली हें सांगावें लागे. अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, चुलत्याशीं वांटणी केव्हां झाली, आई हयात आहे किंवा नाहीं, हें सारें त्या चार ओळींत येतें. स्त्रियांच्या बाबतींत तर खतासारखा दुसरा साक्षीदार नाहीं. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत व घरच्या वंशावळींत पुरुषांच्या नांवांची रांग असते; मुलगी लग्न होऊन गेली कीं तिचें नांवहि बदलतें आणि वंशवृक्षाची ती फांदी तेथेंच छाटली जाते. खतांत मात्र, हक्काचा प्रश्न असल्यामुळें, अमक्याची कन्या आणि तमक्याची भार्या अशीं दोन्ही नातीं लिहावीं लागतात. माहेर आणि सासर एका ओळींत सांपडण्याचें ठिकाण तें हेंच.

मृत्युपत्राची गोष्ट थोडी निराळी आहे. हिंदु माणसानें मृत्युपत्र करण्याची चाल जुनी नव्हे. तें लेखी असावें, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या असाव्या, असा दंडक मुंबई शहरापुरता १८७० च्या हिंदु मृत्युपत्रांच्या कायद्यानें घातला. मुंबईंत केलेल्या, किंवा मुंबईंतील स्थावरासंबंधीं केलेल्या, मृत्युपत्रावर हक्क सांगावयाचा तर हायकोर्टाकडून प्रोबेट घेणें भाग झालें. मुंबईबाहेर, म्हणजे मसुऱ्यासारख्या गांवीं, तेथल्याच जमिनीबद्दल केलेल्या मृत्युपत्रास ही सक्ति नव्हती. तेथें मरतेवेळीं चार माणसांसमक्ष तोंडी सांगितलेला शब्दहि चालत असे. सर्व हिंदु मृत्युपत्रें लेखी असलींच पाहिजेत हा नियम देशभर १९२७ पासून लागू झाला. म्हणून असें होतें कीं, एकाच घराण्यांतील जो भाऊ मुंबईस गेला व चाळ बांधून राहिला त्याची शेवटची इच्छा हायकोर्टाच्या दप्तरांत अक्षरशः सांपडते, आणि जो भाऊ गांवीं राहून शेत राखीत होता त्याची इच्छा त्याच्याबरोबर गेली.

गांव सोडून मुंबईस जाणारांची संख्या लहान नव्हती. १८८१ सालच्या शिरगणतींत मुंबई शहराची वस्ती ७,७३,१९६ भरली. तींत रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेलीं माणसें सव्वा लाखाहून अधिक होतीं, म्हणजे मुंबईच्या दर सहा रहिवाशांत एक रत्नागिरीचा होता. खुद्द रत्नागिरी जिल्ह्यांत त्याच कारणानें पुरुषांपेक्षां स्त्रियांची संख्या जास्त आढळली. आजहि मसुऱ्याच्या आंगणेवाडींत भराडी देवीची जत्रा भरते तेव्हां मुंबईहून माणसांचा लोंढा गांवाकडे परततो. त्या लोंढ्याचा उगम ह्या आंकड्यांत आहे.

शिरगणतीचें नांव निघालें कीं नवशिक्या संशोधकाची आशा फार वाढते. मुंबई शहराची स्वतंत्र शिरगणती १८६४ सालीं झाली. तेव्हां कापसाच्या तेजीचे दिवस होते आणि वस्ती ८,१६,५६२ मोजली गेली. तेजी ओसरल्यावर १८७२ सालीं ती ६,४४,४०५ वर आली. १७ फेब्रुवारी १८८१ च्या गणतीच्या वेळीं प्रत्येक माणसाचें नांव, वय, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, धंदा, शिक्षण हें सारें कागदावर उतरून घेण्यांत आलें. मग एखाद्या डॉक्टराचें घर त्या कागदांत शोधण्यास अडचण ती काय? अडचण एवढीच कीं, ते कागद राहिले नाहींत. बेरजा झाल्या, कोष्टकें छापलीं गेलीं, आणि घरोघरच्या याद्या नष्ट करण्यांत आल्या. इंग्लंडांत ह्याच्या उलट झालें. तेथें १८४१ पासूनच्या घरवार याद्या जपून ठेवल्या गेल्या व शंभर वर्षें उलटल्यावर लोकांस खुल्या झाल्या. हिंदुस्थानची शिरगणती समाजाचें चित्र देते, घराचें देत नाहीं. किती स्त्रिया विधवा होत्या हें ती सांगते. त्यांपैकीं एकीचें नांव विचाराल तर ती मुकी आहे. तें नांव इतर कागदांनीं सांगावयाचें.

अशी एक विधवा मुंबईंत होती. तिचें नांव जयंतीबाई. सुतार जातींतील जनार्दन पांडुरंग ह्यांची ती पत्नी. त्यांस २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं एक मुलगी झाली. तिचें नांव रखमाबाई. मुलगी सुमारें दोन वर्षांची असतांना बाप वारला. जयंतीबाई तेव्हां अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. ह्या जातींत विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध नव्हता. कांहीं वर्षांनीं जयंतीबाईंनीं डॉक्टर सखाराम अर्जुन ह्या विधुर गृहस्थांशीं विवाह केला, आणि मुलीस घेऊन त्या डॉक्टरांच्या घरीं आल्या. येथून ह्या वैद्यघराची कागदोपत्रीं वंशरेषा सुरू होते, आणि ती रक्ताच्या नात्यानें नव्हे तर एका मिळकतीच्या वाटेनें चालते.

सखाराम अर्जुन राऊत ह्यांचा जन्म १८३९ चा. त्यांचें आडनांवहि कागदांत सहसा दिसत नाहीं. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते तेथेंच वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. वैद्यकावर त्यांनीं मराठींतून ग्रंथ लिहिले, आणि मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधींची त्यांनीं केलेली सूची १८७९ सालीं प्रसिद्ध झाली. १८८३ च्या सप्टेंबरांत आठ गृहस्थांनीं मिळून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत हिंदी गृहस्थ दोनच होते, एक डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि दुसरे डॉक्टर सखाराम अर्जुन. संस्थांच्या कागदांत दिसणारा हा मनुष्य असा आहे: अभ्यासू, सुधारणेकडे कल असलेला, झाडपाल्यांत रमणारा. घरांतला मनुष्य दिसण्यास दुसरे कागद पाहिजेत.

पहिला कागद कायद्याचा आहे. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानें हिंदु विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाकडे फारसें लक्ष जात नाहीं. त्या कलमानें असें ठरविलें कीं, पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क, जणूं ती मेलीच असें समजून, संपावा, आणि ती मिळकत पतीच्या पुढच्या वारसांकडे जावी. मुलगा नसेल तर पुढचा वारस मुलगी. इतर बऱ्याच प्रांतांत मुलीचा हक्क तिच्या हयातीपुरता असे; मुंबई इलाख्यांत ती पूर्ण मालक होई. जयंतीबाईंनीं दुसऱ्या विवाहापूर्वीं पतीकडून आलेली मिळकत मुलीच्या नांवें करून दिली. कायदा जें करणार होता तेंच त्यांनीं आपण होऊन केलें असें म्हणतां येईल; पण कायद्याची तरतूद आणि कागदावर लिहिलेलें नांव ह्यांत अंतर आहे. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी त्या दिवसापासून मालकीण झाली, आणि तिचें पुढील सारें आयुष्य ह्या एका गोष्टीनें वेढलें गेलें.

रखमाबाई अकरा वर्षांची झाल्यावर तिचें लग्न दादाजी भिकाजी नांवाच्या एकोणीस वर्षांच्या तरुणाशीं लागलें. तो डॉक्टरांच्या नात्यांतला होता, गरीब होता. त्यानें ह्या घरीं राहून शिकावें व मार्गास लागावें अशी योजना होती. लग्नानंतर मुलगी सावत्र बापाच्याच घरीं राहिली. ती वयांत आल्यावर रूढीप्रमाणें गर्भाधानाचा प्रश्न उभा राहिला, आणि येथें डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांनीं नकार दिला. इतक्या कोंवळ्या वयांत संसार सुरू करणें शरीरास अपायकारक आहे हें त्यांचें वैद्यकीय मत होतें. व्याख्यानांत असें मत मांडणारे पुष्कळ होते. आपल्या घराच्या उंबऱ्यावर तें पाळणारे थोडे. ह्या एका नकारामुळें रखमाबाईस वाढण्यास आणि वाचण्यास वर्षें मिळालीं. दादाजी शिकला नाहीं. तो त्या घरांतून निघून आपल्या मामाकडे, नारायण धर्माजी ह्यांच्याकडे, राहूं लागला.

हें सारें कोठून कळतें? खासगी पत्रांतून नव्हे, कोर्टाच्या कागदांतून. १८८४ च्या मार्चांत दादाजींनीं वकिलांमार्फत नोटीस धाडली कीं, पत्नीनें नांदावयास यावें. तिनें नकार दिला आणि मुंबई हायकोर्टांत दावा दाखल झाला. त्यांत दोन्ही बाजूंनीं एकमेकांच्या घरची सारी हकीकत लिहून काढली. वादीचें म्हणणें असें कीं, मुलीची आई व आजोबा हरिश्चंद्र यादवजी तिला फूस देतात, कारण ती सासरीं गेली म्हणजे मिळकत हातची जाईल. प्रतिवादीचें म्हणणें असें कीं, वादी दरिद्री व रोगी आहे, तिचें पोषण करण्यास असमर्थ आहे, आणि ज्या घरांत तो राहतो तें घर राहण्यायोग्य नाहीं. दोन्ही बाजूंच्या आरोपांत किती तथ्य होतें हा वेगळा प्रश्न आहे. घराण्याचा इतिहास शोधणाराला मात्र ह्या भांडणांतून कोण कोणाचा कोण, कोण कोठें राहत होता, कोणाची आई कोणत्या घरची, हें इतकें स्पष्ट मिळतें कीं कोणत्याहि वंशावळींत मिळणार नाहीं. सुखी घराण्यांचे कागद थोडे असतात. ज्या घरांत तंटा झाला त्याच घराचे कोपरे आज उजेडांत दिसतात.

डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांस निकाल पाहावयास मिळाला नाहीं. ते १६ एप्रिल १८८५ रोजीं वारले. त्याच वर्षीं २१ सप्टेंबरला न्यायमूर्ति पिन्ही ह्यांनीं दावा फेटाळला. जो संसार कधीं सुरूच झाला नाहीं तो पुनः सुरू करण्याचा हुकूम कसा द्यावा, आणि तरुण स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या स्वाधीन कसें करावें, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. १८८६ सालीं अपिलांत मुख्य न्यायमूर्ति सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ति बेली ह्यांनीं तो निकाल फिरविला. ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन ह्यांनीं हुकूम दिला कीं, रखमाबाईंनीं पतीकडे जावें, नाहीं तर सहा महिने कैद भोगावी. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. लग्नाच्या वेळीं आपण अजाण होतों, आपली संमति कोणीं घेतलीच नव्हती, हा त्यांचा मुद्दा कायद्याच्या चौकटींत बसत नव्हता. पण तो वृत्तपत्रांतून साऱ्या देशांत आणि इंग्लंडांतहि जाऊन पोंचला. शेवटीं १८८८ च्या जुलैंत तडजोड झाली. दादाजींनीं दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची बजावणी सोडून दिली.

तडजोडीचा तो आंकडा विचार करण्यासारखा आहे. वंशावळीच्या दृष्टीनें तो एका नात्याचा शेवट आहे. हिशेबाच्या दृष्टीनें ती एक रक्कम आहे. लग्नाच्या दिवशीं जिला विचारलें नाहीं, तिला बारा-तेरा वर्षांनीं स्वतःस सोडवून घेण्यास किती लागलें तें येथें रुपयांत लिहिलेलें सांपडतें. जिच्या नांवावर मिळकत नव्हती, जिच्या घरीं डॉक्टर बाप व धीराची आई नव्हती, अशी मुलगी ह्या कोर्टापर्यंत पोंचलीच नसती. शिरगणतीच्या कोष्टकांत दहा-पंधरा वर्षांच्या विवाहित मुलींची जी मोठी संख्या छापलेली आहे, तींतल्या बाकीच्या मुलींचें एकहि म्हणणें कोणत्या दप्तरांत उतरलें नाहीं. बापाच्या मिळकतीमुळेंच रखमाबाईंवर दावा झाला असें एक बाजू म्हणे. त्याच मिळकतीमुळें त्या उभ्या राहूं शकल्या हेंहि तितकेंच खरें दिसतें.

पुढची हकीकत आनंदाची आहे. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर ईडिथ पेची ह्यांच्या उत्तेजनानें आणि अनेकांनीं उभारलेल्या निधीच्या मदतीनें रखमाबाई १८८९ सालीं इंग्लंडास गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत शिकल्या, आणि १८९४ सालीं डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनीं सुरतेस व नंतर राजकोट येथें स्त्रियांच्या रुग्णालयांत अनेक वर्षें सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. येथें दप्तरांचा खेळ पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या १८८१ च्या शिरगणतींत डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्या घराची यादी शोधूं गेल्यास ती मिळावयाची नाहीं. पण १८९१ च्या एप्रिलांत इंग्लंडांत जी शिरगणती झाली तिच्या याद्या जतन झालेल्या आहेत, आणि त्या वेळीं तेथें राहणारी हिंदी विद्यार्थिनी तींत नांवानिशीं शोधतां येते. आपल्या घरच्या माणसाचा ठाव आपल्या देशाच्या कागदांत न लागतां परक्या देशाच्या कागदांत लागावा, असें हें आहे.

सखाराम अर्जुन ह्यांचे सहकारी डॉक्टर आत्माराम पांडुरंग ह्यांच्या घराण्याचा माग काढणारासहि समुद्र ओलांडावा लागतो. त्यांची कन्या अन्नपूर्णा हिनें १८८० सालीं हॅरोल्ड लिटलडेल ह्या गृहस्थांशीं मुंबईंत विवाह केला, आणि १८९१ सालीं एडिंबरो येथें ती वारली. तरुण रवींद्रनाथ ठाकूर विलायतेस जाण्यापूर्वीं ज्या घरीं कांहीं काळ राहिले, तें हेंच घर. माहेरच्या वंशावळींत तर्खडकरांची मुलगी म्हणून शोधावें तर पुढचा धागा तुटतो. तो स्कॉटलंडच्या मृत्युनोंदींत, सासरच्या आडनांवाखालीं, पुनः हातीं लागतो.

मसुऱ्याच्या एखाद्या घराण्याचा शोध करावयाचा तर पद्धति हीच. हातीं असलेल्या शेवटच्या खात्रीच्या कागदापासून एकेक पिढी मागें जावें; मूळ पुरुषापासून पुढें येण्याचा मोह टाळावा. गांवच्या जमिनीचे उतारे व फेरफार एका बाजूस ठेवावे, मुंबईंतील प्रोबेटें व खतें दुसऱ्या बाजूस ठेवावीं, आणि दोहोंत ज्या माणसाचें नांव, बापाचें नांव व गांव ह्या तीनहि गोष्टी जुळतील त्यासच एक समजावें. नोंदलेलें मृत्युपत्र तें करणारा हयात असेपर्यंत परक्यास मिळत नाहीं. त्याच्या मागें मिळूं शकतें. तीर्थाच्या ठिकाणीं उपाध्यायांच्या वह्या पाहाव्या, पण त्यांत स्त्रियांच्या जागा बहुधा रिकाम्या असतील हें आधींच समजून असावें. आणि सर्वांत आधीं घरची पेटी उघडावी. कोंकणांतला चार महिन्यांचा पाऊस, ओल आणि वाळवी ह्यांनीं जेवढे कागद खाल्ले तेवढे कोणत्याहि लढाईनें नष्ट केले नसतील.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. मोठेपण मिरविण्यासाठीं असेल तर तो व्यर्थ आहे. कागद बहुधा मोठेपणाच्या विरुद्धच साक्ष देतात. परंतु त्यांच्यांत आणखी एक गुण आहे. १९०४ सालीं दादाजी भिकाजी वारले, तेव्हां ज्या नात्यास आपण कधीं मान्यता दिली नाहीं त्या नात्याचें वैधव्य रखमाबाईंनीं पांढरें वस्त्र नेसून पाळलें असें सांगतात. कां पाळलें, हें कोणत्याहि दप्तरांत लिहिलेलें नाहीं. कागद तेथपर्यंत नेऊन थांबतात, आणि पुढें मनुष्याचें मन सुरू होतें. तरीहि त्या दारापर्यंत कागदांशिवाय कोणीं पोंचलें नसतें. सखाराम अर्जुन ह्यांचे ग्रंथ आतां क्वचित् वाचले जातात. ज्या मुलीशीं त्यांचें रक्ताचें नातें नव्हतें आणि जिला त्यांनीं वाढण्यास वेळ दिला, तिच्या कोर्टाच्या कागदांमुळें त्यांचें घर आज आपणांस दिसतें. आणि ती वाट प्रथम मोकळी झाली, ती एका आईनें नवें घर करण्यापूर्वीं मुलीचें नांव कागदावर लिहविलें म्हणून.